मोडलेला घोटा पंढरीची वाट कशी चालतो?

समजा, तुमचा घोटा मोडला आहे. वेळ अगदी नको ती. ज्येष्ठातली पहिली सर नुकतीच येऊन गेलेली, त्र्यंबकेश्वरात गंगाद्वाराकडे चढणाऱ्या पायऱ्या ओल्या, पाय घसरला, घोट्यात कट्कन आवाज झाला आणि तुम्ही तिथेच बसलात. रजा मंजूर झालेली होती. दिंडीत नाव दिलेलं होतं. चार दिवसांनी संत निवृत्तिनाथांची पालखी निघणार होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही तिच्यासोबत पंढरपूरपर्यंत पायी जाणार होतात. पालखी वेळेवर निघाली. तुमचा पाय उशीवर होता.

पुढच्या ज्येष्ठात मात्र तुम्ही याच पायाने, याच वाटेने निघू शकता. साधं फ्रॅक्चर नीट जुळलेली कितीतरी माणसं निघतात. त्यात काय विशेष, असं वाटतं का? मग जरा हिशेब करू. पालखीच्या वाटेने त्र्यंबकेश्वर ते पंढरपूर हे अंतर चारशे किलोमीटरांहून जास्त आहे, चालायला साडेतीन आठवडे लागतात. पाऊल दोन फुटांहून थोडं मोठं धरलं तर सहा लाखांच्या आसपास पावलं होतात. त्यातली तीन लाख त्या मोडक्या घोट्याच्या वाट्याला. टाच उचलताना पोटरीचा स्नायू सांध्याला जोराने आवळतो, म्हणून दर पावलाला घोट्यावर शरीराच्या वजनाच्या चौपट तरी भार येतो. साठ किलोच्या माणसाच्या घोट्यावर दोनशे चाळीस किलो, आणि तेही तीन लाख वेळा! वर्षापूर्वी दोन तुकडे झालेलं हाड हे सोसतं तरी कसं?

हाड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरं, कोरडं, मेलेलं काहीतरी येतं. जिवंत माणसाच्या पायातलं हाड ओलं असतं आणि त्यात जागोजाग रक्त खेळत असतं. दोन पदार्थ त्यात एकमेकांत विणलेले असतात: कोलॅजेन नावाचे चिवट धागे, आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे डोळ्यांना न दिसणारे स्फटिक. धागे ताण सोसतात, स्फटिक दाब सोसतात. नुसते स्फटिक असते तर पहिल्याच ठेचेला पाय तडकला असता, नुसते धागे असते तर उभं राहताच वाकला असता. शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असतं आणि त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत साठवलेलं असतं. एवढा कठीण पदार्थ, आणि तरी त्याच्या आत चार हजार कोटींच्या आसपास पेशी जिवंत बसलेल्या आहेत. त्या तिथे बसून काय करतात, ते पुढे येईलच.

हाड मोडलं की त्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही तुटतात. फटीत रक्त साचतं आणि गोठतं. घोटा सुजतो, गरम होतो, ठणकतो. आपल्याला वाटतं ही सगळी नासधूस आहे. खरं तर काम सुरू झालेलं असतं. त्या गोठलेल्या रक्ताच्या जाळीत आधी सफाई करणाऱ्या पेशी शिरतात, मेलेले कण गिळतात आणि रासायनिक निरोप सोडतात. ते ऐकून हाडाभोवतीच्या झिरझिरीत आवरणातल्या पेशी जाग्या होतात. या आवरणाला डॉक्टर पेरिऑस्टिअम म्हणतात. हाड मोडल्यावर ब्रह्मांड आठवतं ते बरंचसं याच आवरणातल्या मज्जातंतूंमुळे, आणि नवं हाड घडवणाऱ्या मूळ पेशींचा मोठा साठाही याच आवरणात असतो. जिथे सर्वांत जास्त दुखतं, दुरुस्तीचं सामान तिथेच ठेवलेलं!

एव्हाना पालखी सातपूर, नाशिक, पळसे करत सिन्नरच्या बाजूला लागलेली असते. दातलीच्या माळावर रिंगण होतं, अश्व धावतो. तुमच्या पायाला प्लास्टर चढलेलं असतं. या प्लास्टरचीही गंमत बघा. जिप्सम नावाचं खनिज तापवलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून भुकटी होते, आणि त्या भुकटीला पाणी दाखवलं की ती पुन्हा दगड होते. होताना उष्णता सोडते, म्हणून ओलं प्लास्टर पायावर कोमट लागतं. अँटोनियस मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरांनी १८५२ मध्ये ही भुकटी पट्टीत भरून मोडलेल्या हाडांवर वापरण्याची रीत प्रसिद्ध केली. पण प्लास्टर हाड जोडत नाही, ते फक्त तुकडे जागेवर धरून ठेवतं. जोडण्याचं काम तुमचं शरीर करतं.

दुसरा-तिसरा आठवडा. पालखी अहिल्यानगर ओलांडून मिरजगाव, कर्जतच्या दिशेने चाललेली. तुमच्या घोट्यात या वेळी जे घडतं ते मला सगळ्यांत विलक्षण वाटतं. शरीर फटीत थेट हाड बांधायला घेत नाही, आधी कूर्चा बनवतं. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागात किंवा नाकाच्या शेंड्यात असतो तो लवचीक पदार्थ. असं का? कारण फटीत रक्तवाहिन्या तुटलेल्या, प्राणवायू अगदी कमी, आणि तुकडे अजून किंचित हलतायत. हाड बनवणाऱ्या पेशींना भरपूर प्राणवायू लागतो, कूर्चेच्या पेशी थोडक्यावर भागवतात. म्हणून त्या आधी येतात, दोन टोकं मऊ पदार्थाने सांधतात, हालचाल कमी करतात. मग त्या कूर्चेत कॅल्शियम साठतं, नव्या रक्तवाहिन्या तिच्यात घुसतात आणि कूर्चेच्या जागी हाड येतं.

ही रीत शरीराने कुठून आणली? आईच्या पोटातून! गर्भात तुमच्या हातापायांची हाडं पहिल्यांदा घडली तीही अशीच, आधी कूर्चेचा साचा आणि मग त्याच्या जागी हाड. माणूस पन्नाशीचा असो की सत्तरीचा, पाय मोडला की त्याचं शरीर जन्माआधी शिकलेलं काम जसंच्या तसं पुन्हा करायला घेतं. एवढी वर्षं ते कुठे जपून ठेवलेलं असतं?

आषाढी एकादशीला पालखी पंढरपुरात असते आणि तुम्ही एक्स-रे काढायला जाता. फोटोत फट तशीच दिसते. मन खट्टू होतं, साडेतीन आठवडे फुकट गेले असं वाटतं. पण कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही. टोकं आतून सांधली जात असतात आणि फोटो त्याची दखल घेत नाही. ज्यांचा पाय आत्ता प्लास्टरमध्ये आहे त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

श्रावण येतो. तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबकेश्वरात लाखो माणसं लोटतात. परंपरा सांगते की याच प्रदक्षिणेत विठ्ठलपंतांच्या कुटुंबासमोर वाघ आला, सगळ्यांची पांगापांग झाली, बाल निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरले आणि तिथे त्यांना गहिनीनाथ भेटले. ठरलेली फेरी मोडली आणि वारकरी परंपरेला तिचे आद्य गुरू मिळाले. तुमची फेरी यंदा घरातूनच. पण नऊ-दहा आठवडे झालेत, आणि मोडल्या जागी आता खरं हाड आहे. ओबडधोबड, गाठीसारखं, मूळ हाडापेक्षा जाड. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. एक्स-रेत आता तो पांढुरका दिसतो. बहुतेकांना एव्हाना पायावर वजन टाकायची परवानगी मिळालेली असते.

किती दिवसांत हाड जुळतं, याचा अंदाज आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. वड, पिंपळ, उंबर अशा झाडांच्या सालींच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत. पट्टी थंडीत सात दिवसांनी सोडावी, उन्हाळ्यात तीन दिवसांनी, इतका बारकावा आहे. आणि जुळण्याचा काळ? कोवळ्या वयात एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट, उतारवयात तिप्पट. एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्याच्या कितीतरी शतकं आधी, निव्वळ डोळ्यांनी पाहून आणि बोटांनी चाचपून बांधलेला हा अंदाज आजही फारसा चुकत नाही. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ नुसता बसून होतो.

हाड जुळलं, आता संपलं, असं आपण समजतो. घरचेही तेच समजतात. खरी कमाल इथून पुढे आहे.

कॅलसमधलं हाड घाईघाईत घातलेलं असतं, धागे वाटेल तसे पडलेले. शरीर ते तसंच राहू देत नाही. काही पेशी हाड पोखरतात, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. रक्तातून आलेल्या अनेक पेशी एकत्र मिसळून अशी एक मोठी पेशी बनते. ती हाडाला घट्ट चिकटते, आपल्याखालची जागा चहूबाजूंनी बंद करते आणि तिथे आम्ल सोडते, आपल्या जठरात असतं तेच हायड्रोक्लोरिक आम्ल. कठीण हाड विरघळतं. मागून ऑस्टिओब्लास्ट येतात, त्या नवं हाड घालतात. आणि या पेशी कशा चालतात माहीत आहे? दिंडीसारख्या! पुढे पताका घेतलेले असावेत तसे पोखरणारे, हाडात बोगदा पाडत चाललेले. मध्ये त्या सगळ्यांना पोसणारी एक बारीक रक्तवाहिनी. मागे शिस्तीत बांधणारे, बोगद्याच्या भिंतींवर थरावर थर चढवत येणारे. वेग दिवसाला केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पोखरलेली जागा पुन्हा पूर्ण भरायला तीन-चार महिने लागतात. अशा असंख्य दिंड्या या क्षणी तुमच्या अंगात चालू आहेत, हाड मोडलेलं असो वा नसो. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो.

मोडल्या जागी तर त्यांची गर्दीच उसळते. महिन्यामागून महिने त्या जास्तीचं हाड काढतात, हवं तिथे घालतात, गाठ उतरवतात. कातडी कापली तर व्रण राहतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर तिथेही व्रणच भरतो. हाड मात्र व्रण न ठेवता पुन्हा हाडच होऊ शकतं. शरीरात हे फार थोड्या अवयवांना साधतं.

पण कुठे काढायचं आणि कुठे घालायचं, हे कोण सांगतं? इथे त्या आत बसलेल्या हजारो कोटी पेशींकडे वळू. बांधकाम करता करता काही ऑस्टिओब्लास्ट आपणच घातलेल्या हाडात गाडल्या जातात. मरत नाहीत. त्या बारीक बारीक लांब हात पसरतात, शेजारणींचे हात धरतात आणि वर्षानुवर्षं, कधी दशकानुदशकं, तिथे बसून राहतात. त्यांचं नाव ऑस्टिओसाइट. त्यांच्या हातांभोवतीच्या सूक्ष्म नळ्यांत पाणी असतं. तुम्ही पाऊल टाकलं की हाड अगदी किंचित, मापायलाही कठीण इतकं वाकतं. वाकलं की नळ्यांतलं पाणी हलतं. पाणी हललं की या पेशींना कळतं: इथे भार येतोय. भार नसेल तर त्या स्क्लेरोस्टिन नावाचं प्रथिन सोडत राहतात आणि त्याने बांधकामाला लगाम बसतो. भार आला की लगाम सैल. म्हणजे हाड कुठे जाड करायचं हे तुमचं प्रत्येक पाऊल ठरवत असतं.

हाड भाराप्रमाणे आपली घडण बदलतं, हा नियम बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. त्याची उलटी बाजू अंतराळवीर भोगतात. वजनरहित अवस्थेत त्यांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटते. प्लास्टरमधल्या पायाचंही थोड्या प्रमाणात हेच होतं. म्हणूनच जे डॉक्टर काल 'पाय टेकवू नका' म्हणत होते, तेच आज 'आता वजन टाका' म्हणतात. यात विसंगती काही नाही. चालणं हेच आता औषध झालेलं असतं.

हाडाबरोबर आणखी दोन गोष्टी बिघडलेल्या असतात. प्लास्टर निघाल्यावर पोटरी बारीक झालेली दिसते, ती सगळ्यांनाच दिसते. दुसरी दिसत नाही. घोट्याच्या अस्थिबंधांत आणि भोवतीच्या स्नायूंत सूक्ष्म संवेदक असतात. सांधा या क्षणी किती वळलाय ही खबर ते मेंदूला सतत पोचवतात, म्हणून अंधारातही आपण दगडावर पाय पडताच सावरतो. दुखापतीनंतर ही खबर मंदावते. खात्री करून घ्यायची असेल तर भिंतीजवळ उभे राहा, आधी चांगल्या पायावर आणि मग दुखऱ्या पायावर, आणि डोळे मिटा. फरक लगेच कळेल. फिजिओथेरपिस्ट एका पायावर उभं राहायला लावतात ते याचसाठी.

आता तुमच्या मनात आलं असेल: हाड चालण्याने बळकट होतं ना, मग थेट पालखीतच चालू, ती बळकटी वाटेत येईलच! इथेच मोठा सापळा आहे. १८५५ मध्ये ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरांनी नोंदवलं की लांब कूच केलेल्या सैनिकांचे पाय सुजतात आणि दुखतात, मार लागलेला नसतानाही. कारण कुणाला कळेना. एक्स-रे आल्यावर दोनच वर्षांत, १८९७ मध्ये, दिसलं की त्यांच्या पावलांची हाडं मोडलेली आहेत. नुसत्या चालण्याने!

हे कसं होतं? पेशींची दिंडी आठवा. पोखरणारे पुढे, बांधणारे मागे. अचानक रोज वीस किलोमीटर चालायला लागलं की हाडात बारीक तडे जातात, ते बुजवायला नव्या दिंड्या निघतात आणि सुरुवातीचे काही आठवडे सगळीकडे नुसतं पोखरणंच चालू असतं. भरायला महिने लागणार असतात. म्हणजे बळकट होण्याच्या वाटेवर हाड आधी काही काळ कमकुवत होतं. आणि हा नाजूक काळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो. पालखीबरोबर तेव्हा तुम्ही कोर्टी, जेऊर, करकंबच्या वाटेवर असता, पंढरपूर अगदी टप्प्यात आलेलं असतं. त्यात फसगत करणारी आणखी एक गोष्ट: दम आणि स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, हाड मागे राहतं. अंगात जोर आहे, उत्साह आहे, आणि पावलात मात्र अर्धवट भरलेले बोगदे.

म्हणून ते चुकलेलं वर्ष मोलाचं. पेशींना भरायला जेवढा वेळ लागतो तेवढा त्यांना आयता मिळतो.

ऑस्टिओसाइटची आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. या पेशी कंटाळतात! एकसारखा भार देत राहिलं की थोड्याच वेळात त्या त्याची दखल घेणं कमी करतात. सन २००० च्या आसपास उंदरांवर प्रयोग झाले. हाडाला तेवढाच भार, तेवढ्याच वेळा दिला, एका गटाला एका दमात आणि दुसऱ्याला मध्ये काही तासांची विश्रांती देत चार हप्त्यांत. हप्त्यांत दिलेल्या उंदरांत जास्त हाड तयार झालं. विश्रांतीत पेशी पुन्हा सावध होतात. आता वारीचा दिवस डोळ्यांसमोर आणा. पहाटे निघायचं, सकाळचा विसावा, दुपारचा विसावा, संध्याकाळी मुक्काम. ही चाल पिढ्यानपिढ्या चालणाऱ्यांनी पायांच्या अनुभवातून बसवली. पेशींची खबर त्यांना नव्हती, पण हाडाला हवं होतं तेच त्यांनी दिलं.

तेव्हा दुखापतीने तुमची यंदाची वारी चुकली असेल तर पुढचं वर्ष असं वापरा. तंबाखू आणि सिगरेट आजच सोडा, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा जुळतं. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवा. श्रावणात घरातल्या घरात चाला, दिवाळीपर्यंत गावात. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी शेकडो दिंड्या चालत त्र्यंबकेश्वरला येतात. डॉक्टरांनी हो म्हटलं तर त्यांतल्या एखादीबरोबर शेवटचा थोडा टप्पा चालून बघा, घोट्याची परीक्षा होईल. फाल्गुनापासून अंतर हळूहळू वाढवा, दर आठवड्याला थोडंसंच. तीन-चार आठवडे वाढवलं की एक आठवडा हात आखडता घ्या. एकाच सलग फेरीपेक्षा सकाळ-संध्याकाळ अशा दोन फेऱ्या करा. रोज एका पायावर उभे राहा, दात घासतानाही चालेल. पावलावर एका ठरावीक जागी बोट ठेवलं की दुखतंय आणि दिवसागणिक वाढतंय, असं झालं तर त्या दिवशी थांबा आणि डॉक्टरांना दाखवा, मग पंढरपूर कितीही जवळ असो.

पालखी ज्येष्ठ पौर्णिमेच्या सुमारास निघते. दिंडीत नाव आधीच देऊन ठेवा.